ठुमलीची जन्मतारीख

“वैजू, तुझं इंग्लिश बरं आहे ना?” शीबा मॅडमनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडात खरबुजाची ही एवढी फोड होती. मी नुसती मान हलवली.

“मग तोंड पूस आणि चल. ठुमलीलाही घे.”

ठुमली माझ्या शेजारीच बसून शीबा मॅडमची नक्कल करत होती. म्हणजे मॅडम मागं येऊन उभ्या राहीपर्यंत करत होती. कमरेवर हात, मान वाकडी आणि “गर्ल्स, व्हेअर इज युवर शेप?” शेप म्हणजे मैदानातली मांडणी, हा अर्थ तिला काडीचा ठाऊक नव्हता, पण सूर असा तंतोतंत की सगळं टेबल फिदीफिदी हसत होतं. मॅडम दिसल्यावर तिनं जीभ चावली. एरवी मॅडम पण हसल्या असत्या. त्या दिवशी हसल्या नाहीत.

ताश्कंदमधलं हॉटेल होतं ते. आठ देशांच्या सोळा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉल स्पर्धा होती आणि आम्ही भारताचा संघ. आदल्या दिवशी सेमीफायनल जिंकलो होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी फायनल. लिफ्टजवळ पोचल्यावर मॅडमनी हळू आवाजात मला सांगितलं, “काल हरलेल्यांनी तक्रार केलीय. सात नंबरची मुलगी सोळाच्या वरची आहे म्हणतात.”

सात नंबर म्हणजे ठुमली. माझा सतरा.

आता माझं सांगते. मी कोल्हापूरची, वैजयंती सरनोबत. आमच्या पेठेत तालीम आहे, नावाला कुस्तीची, खरं वेड फुटबॉलचं. माझे पप्पा त्या तालमीच्या संघात बारा वर्षं फुलबॅक खेळले. मुलगा नाही झाला म्हणून हळहळणाऱ्यांना त्यांनी मला बूट घालून मैदानात उतरवून गप्प केलं. उजव्या बाजूची विंग माझी. जिल्हा झाला, राज्य झालं, देशाच्या शिबिरात पोचले आणि तिथं ही ठुमली पावरा येऊन बसली. नंदुरबारच्या वरच्या अंगाला, सातपुड्यात धडगावकडची. आश्रमशाळेतली. लोकांना वाटायचं, डोंगरातली पोरगी म्हणजे सुसाट पळत असणार. कसलं काय! पळायला ती माझ्यापेक्षा मंद होती. पण समोरची काय करणार ते तिला आधी कळायचं, आणि ते काही मला पळून भरून काढता येईना. तिसऱ्या आठवड्यात सात नंबर तिला गेला आणि मला बाकडं मिळालं.

तिची भाषा पावरी. शाळेत मराठी शिकलेली. हिंदी नावापुरतं, इंग्लिश नाहीच. शीबा मॅडम केरळच्या, त्यांचंही हिंदी यथातथाच. महाराष्ट्राच्या आम्ही दोघीच असल्यामुळं खोली एक आणि मॅडमचं तिला, तिचं मॅडमना सांगायचं काम महिनाभर माझ्याकडं. तिला ते गमतीचं वाटायचं. “माझं तोंड कुठं गेलं?” असं ओरडत ती मला शोधत यायची.

त्या सकाळीच पप्पांचा फोन आला होता.

“वैजे, तालमीत पडदा लावायचं ठरलंय. इंटरनेटवर दिसतीय म्हणं फायनल. आख्खी पेठ येणार हाय. खेळीवणार न्हवं तुला?”

“बघू पप्पा.”

“बघू काय? चार म्याचा झाल्या, तुझा शर्ट बी मळला न्हाई.” मग आवाज खाली आला. “मी सांगून बसलोय गं सगळ्यास्नी.”

मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. ठुमलीनं दार वाजवून विचारलं, “पोट दुखतंय का?” मी हो म्हटलं.

तर आम्ही तिघी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत गेलो. तिथं डॉक्टर नोराइनी बसल्या होत्या. मलेशियाच्या होत्या, मुलींची वयं तपासायचं काम त्यांच्याकडं. दरडावणारी बाई असेल म्हणून मी मनाची तयारी केली होती, पण त्यांनी आधी तिघींना बिनदुधाचा चहा दिला आणि ठुमलीला “घाबरू नकोस” म्हणाल्या. मी ते मराठीत सांगितलं. “कोण घाबरतंय?” असं ठुमली म्हणाली. तेही मी इंग्लिशमध्ये सांगितलं आणि त्या हसल्या. तिथपर्यंत मी सगळं नीट सांगत होते.

मग त्यांनी कागद पुढं ओढला. “जन्माची नोंद जन्मानंतर नऊ वर्षांनी झालीय. तीही शाळेतल्या नोंदीवरून. आणि तारीख एक जून. हा एक जून मी याआधी पण बघितलाय. विचार तिला, ही तिची खरी तारीख आहे का?”

त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे, मला मात्र हसू येत होतं. आमचे आजोबा एक जून, थोरले चुलते एक जून, धाकटे चुलते एक जून, तालमीचे अध्यक्ष एक जून. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, पेरणीच्या वक्ताला. मग गुरुजी वर्षाचा अंदाज घ्यायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या पिढीला सगळे दवाखान्यात जन्मले म्हणून हे गेलं. ठुमलीच्या डोंगरात ते अजून चालू होतं, एवढंच.

मी तिला विचारलं.

“नाही गं, गुरुजींनी टाकली,” ती म्हणाली. आणि मग खुर्चीत सरसावून बसली. “मी बहिणीच्या मागं मागं शाळेत जायची. घरी एकटी राहायचीच नाही, रडायची. गुरुजी म्हणाले, हिला पण ठेवा इथं, जेवेल तरी. पण पहिलीत घ्यायला सहा पूर्ण लागतात आणि मला पाचच होती. मग त्यांनी एक वर्ष वाढवून टाकलं. म्हणजे कागदावर आहे त्याच्यापेक्षा मी लहानच आहे की! आई सांगते ना, धाकट्या मामाच्या लग्नानंतरच्या पावसात मी झाले. गुरुजींना फोन करायला सांग यांना. ते अजून तिथंच आहेत. ते लपवत नाहीत, सगळ्यांना सांगतात, ठुमलीला मी मोठी केली म्हणून.”

असं म्हणून ती हसली. सुटलोच आपण, असं तिचं तोंड झालं होतं.

डॉक्टर माझ्याकडं बघत होत्या. मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मी चहाचा पेला खाली ठेवला.

“तारीख तिच्या शिक्षकांनी घातलीय,” मी इंग्लिशमध्ये म्हणाले. “खरी कुणालाच माहीत नाही.”

आणि थांबले. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. थांबायचं असं मी ठरवून आले नव्हते, देवाशपथ नव्हते. पण थांबल्यावर पुढचं बोलायला तोंड उघडायला हवं होतं आणि मी ते उघडलं नाही. उघडता आलं असतं. दोन वाक्यं होती फक्त.

“एवढंच?” डॉक्टरांनी विचारलं. “ती तर पुष्कळ बोलली.”

“तिच्या बहिणीबद्दल सांगत होती. शाळेत कसं जेवण मिळायचं वगैरे.”

त्यांनी पेन फिरवलं. “हे बघा, अंदाज म्हटला की तो दोन्हीकडं चुकू शकतो. ही थोडी जरी मोठी निघाली तरी स्पर्धेत बसत नाही. आणि नीट तपासणी करायला आता वेळ नाही. दोन्हीकडं चुकू शकतो ना?”

हा प्रश्न त्यांनी मला का विचारला, देव जाणे. मी पंधरा वर्षांची पोरगी. पण विचारला.

“हो,” मी म्हणाले.

शीबा मॅडमनी माझा दंड धरला. “वैजू, अजून काही म्हणाली का ती? काही पण? नीट आठव.”

“नाही मॅडम.”

ठुमली माझ्याकडं बघत होती. मी खिडकीकडं बघायला लागले.

बाहेर आल्यावर मॅडम पुढं गेल्या. आम्ही दोघी मागं राहिलो. जाड गालिचा होता तिथं, पावलं वाजत नव्हती. ती म्हणाली, “सांगितलंस ना, पाचच होती म्हणून?”

“सांगितलं.”

“आणि गुरुजींच्या फोनचं?”

“ते पण सांगितलं गं. त्या ऐकेनात.”

“बरं,” ती म्हणाली. खाली जेवायच्या खोलीत गेली, उरलेलं खरबूज खाल्लं आणि हात धुवून आली. हिला फारसं काही वाटलेलं दिसत नाही, असं मी मनाशी म्हटलं. आणि मला हायसं वाटलं. आज सांगताना जीव नको होतो, पण वाटलं खरं.

दुपारी कागद आला. ठुमली पावरा, वय सिद्ध होत नाही, अंतिम सामन्यातून बाहेर; संघाचे आधीचे निकाल कायम. संध्याकाळी मॅडमनी यादी वाचली आणि उजव्या विंगला माझं नाव आलं. मी पप्पांना फोन केला. पलीकडं एकदम वीस-पंचवीस माणसांचा कल्ला उठला.

फायनलच्या आधी मी बुटांच्या नाड्या बांधत होते, तर ठुमली माझ्यापुढं उकिडवी येऊन बसली. अंगात बिननंबरचं जाकीट.

“ऐक. त्यांची तीन नंबरची आहे ना, लाल रिबीनवाली? ती डावीकडं वळायच्या आधी खाली बघते, स्वतःच्या पायाकडं. दोन म्याचा मी बघितलीय तिला. खाली बघितलं की आत घूस. वाट बघू नको.”

“बरं.”

“बरं काय? म्हणून दाखव.”

“खाली बघितलं की आत घुसायचं.”

एक-एक बरोबरी होती. सत्तर मिनिटं होऊन गेलेली. तीन नंबरच्या मुलीनं खाली बघितलं. मी घुसले. चेंडू माझ्या नडगीला लागून वेडावाकडा गोलरक्षक पोरीच्या हाताखालून आत गेला. सांगण्यासारखा गोलच नव्हता तो. पण आम्ही दोन-एक जिंकलो. दहाच्या दहा जणी माझ्या अंगावर पडल्या आणि बाकड्यावरून पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांच्या आधी पळत आली ती ठुमली. “बघितलंस ना? बघितलंस ना, खाली बघते ती!” असं ओरडत होती. मी पाणी प्याले. तिच्या तोंडाकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

कोल्हापुरात स्टेशनपासून पेठेपर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, चौकात माझा दहा फुटी फोटो. पप्पा तो गोल बारा वर्षं सांगतायत. दर वर्षी मी तो जरा आणखी लांबून मारते. आता तर मी तो मध्यरेषेपासून दोन पोरींना चुकवून मारलेला आहे. घरी पाहुणा आला की मी चहा करायच्या निमित्तानं उठते, कारण गोष्ट सुरू होणार हे मला कळतं.

ठुमलीला पुढच्या शिबिराचं पत्र आलं नाही. तिच्या नावापुढं वयाचा शेरा बसला तो बसला. मी त्यानंतर तीन शिबिरं केली आणि सात नंबर माझ्या पाठीवर आला. पहिल्या वर्षी तिचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी फोन वाजू दिला. मनाला समजवायला माझ्याकडं पुष्कळ होतं. त्यांनी तरी एका पोरीच्या बोलण्यावर विश्वास ठेवला असता का? गुरुजींनी फोन उचलला असता का? डोंगरात रेंज तरी असते का? हे सगळं मी इतक्या वेळा घोकलं की ते मला पाठ झालं. खरं मात्र कधी वाटलं नाही.

त्या फायनलच्या प्रमाणपत्रावर मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, क्रीडा खात्यात. शालेय स्पर्धा घ्यायच्या, याद्या करायच्या, पोरींचे कागद तपासायचे. नंदुरबारच्या स्पर्धेवर माझी नेमणूक दोनदा झाली. एकदा मी ताप काढला, एकदा चुलतबहिणीचं लग्न. तिसऱ्या वर्षी साहेब म्हणाले, “सरनोबत, आता काय काढताय?” मी काही काढलं नाही. गेले.

मैदानाच्या कडेला मांडवाखाली टेबल टाकून मी चौदा वर्षांखालच्या मुलींचे दाखले बघत बसले होते. एक गठ्ठा पुढं आला.

“पंधरा मुली, पंधरा दाखले. बघ नीट. सगळ्या सरकारी दवाखान्यातल्या आहेत, कुणाला गुरुजींनी जन्म दिलेला नाही.”

मी वर बघितलं. ठुमली थोडी भरली होती. गळ्यात शिट्टी, डोळ्यांत तीच मस्करी.

माझा हात त्या गठ्ठ्यावरच राहिला. तोंडातून काय निघावं? “तू शिकवतेस?”

“आमच्याच आश्रमशाळेत. खेळाची बाई.”

“कायम झालीस?”

“नाही, रोजंदारी. कायमला मोठ्या स्पर्धेचं प्रमाणपत्र मागतात. माझं तिथलं सगळंच रद्द केलं ना त्यांनी, आधीच्या म्याचांचं पण.” तक्रार नव्हती त्यात. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं. “परत आल्यावर गुरुजींनी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. मग ते पण रिटायर झाले.”

मी उठले. माझ्या जागी शेजारच्या शिक्षकांना बसवलं आणि तिला म्हणाले, “ठुमे, मला तुझ्याशी बोलायचंय.”

“बोल की.”

आम्ही मांडवाच्या मागं गेलो. तिच्याबरोबर एक बारकी पोरगी आली, तिच्या बुटाची नाडी तुटली होती. ठुमली खाली बसून त्या नाडीला गाठ मारायला लागली आणि मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पप्पांचा फोन, पडदा, खोलीतलं, खोलीबाहेरचं. एका दमात. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आपण रडलो म्हणजे समोरच्याला आपलीच समजूत घालावी लागते. तरी आवाज फाटलाच.

तिनं गाठ घट्ट केली आणि पोरीला पिटाळलं. मग उठून हातांची माती झटकली.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. तिथंच कळलं, खोलीत. इंग्लिश येत नव्हतं, पण आकडे येत होते की. पाच म्हणजे फाइव्ह, सहा म्हणजे सिक्स. तू त्या बाईंना सांगत होतीस त्यात एक पण आकडा आला नाही. म्हणून तर बाहेर आल्यावर विचारलं तुला. म्हटलं, असेल विसरली, अजून वेळ आहे, परत आत जाऊ.”

मला राग आला. कुणाचा ते तेव्हाही कळलं नाही, पण तिच्यावरच ओरडले. “मग तू बोलली का नाहीस? तिथल्या तिथं? ओरडायचंस! मॅडमचा हात धरून सांगायचं होतंस!”

पलीकडं तिच्या पोरी ओळीत उभ्या राहून तिला हाका मारत होत्या. तिनं त्यांना हात केला, आलेच म्हणून. आणि माझ्याकडं बघितलं, न कळणाऱ्या लेकराकडं बघतात तसं.

“कुणाच्या तोंडून सांगू?” ती म्हणाली. “माझं सांगणारी तूच होतीस.”